चाक फिरले, पण गाडी पुढे गेली का?

सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा : घर ते शाळा हे अंतर टेप न लावता कसे मोजाल? 'चाकाचे फेरे मोजू,' असे कोणीतरी सांगतेच. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या गाडीचे वर्णन केले. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट होता. दर फेऱ्याला चाकाच्या तुंब्याजवळचा एक दात ४०० दात्यांच्या चक्राला एका दात्याने पुढे सरकवी. ४०० फेरे म्हणजे ५००० फूट, अर्थात एक रोमन मैल. तेवढे अंतर कापले की एक खडा काशाच्या भांड्यात पडून आवाज होई.

या गाडीची एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ती जनावरे ओढत. चाक जमिनीला मागे रेटत नव्हते, नुसते तिच्यावरून गडगडत होते. म्हणून त्याचे फेरे आणि कापलेले अंतर यांचा मेळ बसत असे.

मोटार आली आणि हा मेळ बिघडला. आता चाकच जमिनीला मागे रेटून गाडीला पुढे नेते, आणि रेटताना ते घसरू शकते. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक गरगर फिरते, गाडी मात्र जागची हलत नाही.

स्पर्धेतला यंत्रमानव बनवणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. २००८ साली आशिया-प्रशांत विभागाची 'रोबोकॉन' स्पर्धा पुण्यात झाली. तिचा खेळ गोविंदाच्या दहीहंडीवर बेतलेला होता. अशा खेळात यंत्राला आपण कुठवर आलो आणि किती वेगाने चाललो आहोत, हे स्वतःच ओळखावे लागते. त्यासाठी खाचा पाडलेली चकती फिरवतात. तिच्या एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला संवेदक असतो. ६ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १८.८ सेंटिमीटर भरतो. चकतीला २० खाचा असतील तर एक खाच म्हणजे ९.४ मिलिमीटर. सेकंदाला ५० खाचा सरकल्या तर वेग सेकंदाला ४७ सेंटिमीटर झाला.

पण ही चकती बसवायची कुठे? मोटारीच्या आसावर बसवली तर चाकाच्या एका फेऱ्यात तिचे अनेक फेरे होतात आणि मोजणी बारीक होते. मात्र दातेरी चक्रांमधली ढिलाई आणि चाकाचे घसरणे तिला कळत नाही. रेटणाऱ्या चाकावर बसवली तर ढिलाईचा प्रश्न सुटतो, घसरण्याचा उरतोच. म्हणून अनेक संघ मोटारीला न जोडलेले एक छोटे मोकळे चाक स्प्रिंगने जमिनीवर दाबून ठेवतात आणि चकती त्याला लावतात. डावीउजवीकडे अशी दोन चाके ठेवली तर त्यांच्या अंतरांतील फरकावरून यंत्र किती वळले हेही काढता येते. म्हणजे व्हिट्रुव्हियसचे ओढले जाणारे चाक पुन्हा आले!

मोकळे चाक नसेल तर काय होते, हे मंगळावर दिसले. 'ऑपॉर्च्युनिटी' या गाडीची सहाही चाके मोटारीची होती. एप्रिल २००५ मध्ये ती बारीक मातीच्या एका उंचवट्यात रुतली. ४ जूनला ती सुटली. तोवर सुटकेच्या प्रयत्नांत चाके इतकी फिरली होती, की घसरली नसती तर गाडी १९२ मीटर गेली असती. प्रत्यक्षात ती एक मीटरही सरकली नव्हती. केवळ फेऱ्यांवर विसंबता येत नाही म्हणून या गाड्या कॅमेऱ्याने आसपासचे दगड टिपून आपली खरी हालचाल ताडून पाहत. तिथे छायाचित्रांनीच मोकळ्या चाकाचे काम केले.

आता वर्गाकडे वळू. सायकलचा वेगमापक बहुधा पुढच्या चाकाला का लावतात, हे मुलांना विचारावे. मग सायकलच्या दोन्ही टायरांवर खडूची खूण करून ती ओल्या वाळूतून जोरात पॅडल मारत चालवायला सांगावी आणि दोन्ही चाकांचे फेरे मोजावेत. फेऱ्यांत फरक पडला तर कोणत्या चाकावर विश्वास ठेवायचा, आणि का? संवेदक खोटे बोलत नाही. तो जिथे बसवला आहे तिथलेच खरे सांगतो. आपल्याला हवे ते खरे कुठे सापडेल, हे आपणच ठरवायचे असते.