गुरूच्या मागची जागा

दरवर्षी स्नेहसंमेलनांचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात एखादी आई मुलीला घेऊन येते. मुलीला ताप नसतो, खोकला नसतो. गाण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हात गार पडतात, घशाला कोरड पडते. "डॉक्टरसाहेब, धीर येईल अशी एखादी गोळी द्या ना." आमच्या होमिओपॅथीच्या ग्रंथांत अशा भीतीपुढे जेल्सेमियमचे नाव लिहिलेले आहे. पण बाटली काढण्याआधी मी एक प्रश्न विचारतो : ही याआधी चारचौघांत किती वेळा गायली? बहुधा उत्तर येते, "ही पहिलीच वेळ." दुखणे तिथेच कळते. त्यावरचा उपाय आपल्या संगीताच्या इतिहासात आहे, आणि तो घडवण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे.

गुरुगृही शिकण्याच्या काळात मंचाची वेगळी तयारी करून घेतली जात नसे. ती बसण्याच्या जागेतच होती. जलशात शिष्य तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसे. गुरू दम घ्यायला थांबले की स्वर धरून ठेवायचा, त्यांनी मान वळवून खूण केली की एखादी तान घ्यायची. चुकला तर गुरू पुढच्या आवर्तनात सावरून घेत. श्रोत्यांचे लक्ष गुरूवर असे, त्यामुळे शिष्याला लोकांसमोर चुकण्याची मुभा मिळे. अशी काही वर्षे गेली की पुढच्या जागेची भीती आपोआप ओसरे. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि शिष्य घडवले ते याच परंपरेत. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर 1896पर्यंत शिकले.

या पद्धतीची अडचण एकच होती. गुरूच्या मागे दोघे बसतील, फार तर चौघे. 5 मे 1901 रोजी विष्णु दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 साली मुंबईत काढले, आणि संगीत वर्गात आले. वर्गातल्या सगळ्या मुलांना गुरूच्या मागे कसे बसवणार? ती जागा दुसऱ्या मार्गाने उभी करणे भाग होते. एक मार्ग समूहगानाचा. प्रार्थना, भजने मुले एकत्र गात; एकाचा स्वर डळमळला तर शेजारचा धरून ठेवी. दुसरा मार्ग शिकवण्याचा. उपदेशक वर्गातून त्यांनी शिक्षक तयार केले. रोज वर्गापुढे बसून गाऊन दाखवणाऱ्याला चार माणसांची धास्ती किती दिवस वाटेल? ओंकारनाथ ठाकूर (जन्म 1897) यांच्यावर 1916 साली लाहोरच्या विद्यालयाची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती.

आपल्या जवळच्या ग्वाल्हेरात हेच काम दोन अंगांनी झाले. 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले. 1918 साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पं. भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय उघडले. भातखंड्यांनी स्वरलिपी दिली, पायरीपायरीचा अभ्यासक्रम दिला. अनोळखी परीक्षकासमोर गाणे ही मंचाचीच एक पायरी झाली. पुढे विशारद, अलंकार अशा वरच्या परीक्षांत मंचप्रदर्शन आले, त्यामागे हीच जाणीव आहे. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात तर एक सुंदर प्रथा आहे. सभेचा आरंभ तिथल्या संगीत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदगायनाने होतो. ज्या मंचावर थोड्याच वेळाने देशातले नामवंत बसणार, तिथे आधी ही मुले बसतात, आणि एकत्र बसतात. या समारोहाचे आयोजन आपल्या भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत अकादमी करते.

मात्र धीटपणा म्हणजे विद्या नव्हे. कुमार गंधर्वांनी 1935 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, अलाहाबादची संगीत परिषद गाजवली. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ते हुबेहूब गात. मंचाची भीती हा विषयच नव्हता. तरी पुढे ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षे शिकले. देवधर हे विष्णु दिगंबरांचेच शिष्य. मंच आधी मिळालेल्या मुलालाही वर्गात येऊन बसावे लागले. ज्याला वर्ग आधी मिळाला आहे, त्याला मंचापर्यंत पोचवणे हे शिक्षकाचे काम.

आज आपण काय करतो? वर्षभर मुलगी बंद खोलीत शिकते. संमेलनाच्या दिवशी झगझगीत दिव्यांखाली, ध्वनिवर्धकापुढे तिला एकटीला पाच मिनिटे उभे करतो. अनेकींचा पहिला मंच तर स्पर्धेचाच असतो. पहिलीच चूक गुणपत्रिकेवर चढते आणि काही मुली गाणे कायमचे सोडतात. अशा दोन-तीन मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा गळा चांगला होता. त्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. त्याची सोय मोठी, घरच्या रियाजाला तो हवाच. पण त्या लहानशा पेटीने गुरूच्या मागची ती जागा नकळत रिकामी केली.

ती जागा परत आणायला मोठा खर्च लागत नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक, मोठी मुलगी गाणार आणि धाकटी मागे खऱ्या तंबोऱ्यावर. पर्युषणात आमच्या मंदिरात लहान मुले स्तवने म्हणतात. कुणी गुण देत नाही, चुकले तर शेजारची आजी ओळ पुढे नेते. अशी जागा प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल.

गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीच्या बाईंना मी हेच सुचवले. त्यांनी तिला सहा महिने थोरल्या विद्यार्थिनीच्या मागे बसवले, मग दोन ओळी दिल्या, मग एक छोटा ख्याल. यंदाच्या कार्यक्रमात तिचा आवाज सुरुवातीला थोडा कापला, दुसऱ्या आवर्तनात स्थिरावला. तंबोऱ्यावर मागे आठ-नऊ वर्षांची एक पोर बसली होती. आई यंदाही दवाखान्यात आली होती; सर्दीचे औषध घेऊन गेली.