अकरा तास आधी

नांदगाव खंडेश्वरहून अमरावती हाकेच्या अंतरावर. तिथल्या हनुमान आखाड्यात शिवराम हरी राजगुरू व्यायामाचं शिक्षण घ्यायला आले होते. खेडचा हा तरुण वऱ्हाडच्या मातीत घाम गाळून गेला. त्याचा शेवटचा दिवस आपल्या पोरांना तोंडपाठ असायला हवा.

७ ऑक्टोबर १९३० : साँडर्स वधाच्या खटल्यात विशेष न्यायाधिकरण भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी सुनावतं.

२० मार्च १९३१ : तिघं पंजाबच्या गव्हर्नरला लिहितात, आम्ही युद्धकैदी आहोत, फासावर न चढवता आम्हाला गोळ्या घाला.

२३ मार्च, सकाळ : फाशी थांबवा, अशी शेवटची विनंती गांधीजी व्हाइसरॉय आयर्विनना पत्राने करतात. फाशी ठरली आहे २४ तारखेच्या सकाळची. एक रात्र हाताशी आहे, असं बाहेर सगळे धरून चालले आहेत.

दुपारी ४ च्या सुमारास : लाहोर तुरुंगात कैद्यांना अवेळीच कोठड्यांत परत पाठवलं जातं. थोड्याच वेळात कुजबुज पसरते, आज रात्रीच नेणार.

शेवटचे दोन तास : वकील प्राणनाथ मेहता तिघांना भेटतात. भगतसिंग लेनिनवरचं पुस्तक आणलं का, म्हणून विचारतात. सुखदेव आठवण करतात, मेहतांनी दिलेला कॅरम बोर्ड तुरुंगाधिकाऱ्याकडून परत घ्यायची.

संध्याकाळी ७.३० च्या सुमारास : ठरलेल्या वेळेच्या अकरा तास आधी तिघांना फासावर चढवलं जातं. राजगुरूंचं वय २२.

रात्र : बाहेर लोक जमण्याची धास्ती. तुरुंगाची मागची भिंत फोडून मृतदेह ट्रकमध्ये घातले जातात. सतलजच्या काठी अंधारात घाईघाईने अग्नी दिला जातो.

२४ मार्च, सकाळ : अंत्यसंस्कार धर्मविधीनुसार झाल्याच्या सरकारी नोटिसा लाहोरच्या भिंतींवर झळकतात. लोक मात्र नदीकाठी अर्धवट जळलेले अवशेष शोधत असतात.

जुलमी सत्ता जिवंत माणसाला भ्यायची तेवढीच त्याच्या प्रेतालाही भिते. १७ जानेवारी १९६१ च्या रात्री काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना कटांगात गोळ्या घातल्या गेल्या आणि नंतर त्यांचा देह आम्लात विरघळवला गेला. उरला एक दात. तो बेल्जियमने कुटुंबाच्या हवाली केला २०२२ मध्ये, आणि साऱ्या काँगोने त्या दाताला राष्ट्रपुरुषाचा मान देऊन निरोप दिला.

आपल्या तिघांची राख पडली ती सतलजकाठची हुसैनीवालाची जागा फाळणीत पाकिस्तानात गेली. १९६१ मध्ये भारताने बदल्यात १२ गावं देऊन ती परत घेतली. जी चिता कुणाला दिसू नये म्हणून रात्र निवडली, तिच्या जागेची ही किंमत देशाने आनंदाने मोजली.

राजगुरूंचं नाव घोषणेत शेवटी येतं, आणि त्यांच्याबद्दलचं बोलणंही बहुतेकदा तिथेच संपतं. वऱ्हाडात तरी तसं होऊ नये. येत्या २३ मार्चला आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत त्यांच्या अमरावतीच्या दिवसांपासून सुरुवात करून ही गोष्ट सांगितली जावी.