एका मैदानाचें माप

लंडनच्या पश्चिमेस, शेफर्ड्स बुश भागांत, एके काळीं 'व्हाइट सिटी' नांवाचें प्रचंड क्रीडांगण होतें. १९८५ सालीं तें पाडण्यांत आलें. भिंती गेल्या, प्रेक्षकांच्या पायऱ्या गेल्या; पण तेथें आखलेलें एक माप मात्र जगांतील कित्येक शहरांच्या रस्त्यांवर अजून मोजलें जातें.

१९०८ च्या ऑलिंपिक सामन्यांचा मान मुळांत रोमचा. इटलीनें १९०६ सालीं माघार घेतली, तेव्हां तो लंडनकडे आला. आणि लंडनजवळ तर योग्य क्रीडांगणच नव्हतें! त्याच वर्षीं भरावयाच्या आंग्ल-फ्रेंच प्रदर्शनाच्या चालकांनीं तें बांधून देण्याचें पत्करलें. ६८,००० प्रेक्षकांची सोय, धांवण्याची वाट, तिच्याभोंवतीं सायकलींची वाट आणि मध्यभागीं १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव, अशी ती रचना होती.

२४ जुलै १९०८ रोजीं मॅरेथॉनची शर्यत झाली. तोंवर तिचें अंतर निश्चित नव्हतें. सुमारें ४० किलोमीटर, एवढेंच मानीत. लंडनकरांनीं विंडसर किल्ल्यापासून क्रीडांगणापर्यंत २६ मैल आणि आंत राजघराण्याच्या आसनांसमोरील रेषेपर्यंत ३८५ यार्ड, अशी आखणी केली.

या ३८५ यार्डांनींच घात केला. इटलीतील कार्पी गांवच्या मिठाईच्या दुकानांत काम केलेला डोरांडो पिएत्री प्रथम आंत आला. पण श्रमानें त्याचें भान हरपलें होतें. तो उलट दिशेस वळला, पडला, उठला, पुन्हां पडला. अखेरीस पंचांनीं त्याला हात देऊन रेषेपार नेलें. अमेरिकनांनीं हरकत घेतली आणि त्यांचा जॉनी हेझ विजयी ठरला. नियमानें हें योग्यच झालें. परंतु ज्यांनीं दयेनें हात दिला, त्यांच्याच हातून त्या खेळाडूचें यश हिरावलें गेलें. दुसऱ्या दिवशीं राणी अलेक्झांड्रानें पिएत्रीस एक चषक दिला. विजेत्यापेक्षां या पराभूताचेंच नांव लोकांच्या तोंडीं राहिलें.

लंडनचें माप लगेच सर्वमान्य झालें नाहीं. १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावा आला, तेव्हां अंतर ४२.७५ किलोमीटर होतें. १९२१ सालीं मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेनें लंडनचेंच ४२.१९५ किलोमीटर कायम केलें.

पुढें या क्रीडांगणानें १९२७ पासून कुत्र्यांच्या शर्यती पाहिल्या, १९३४ चे ब्रिटिश साम्राज्याचे सामने पाहिले, १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकांतील एक सामनाहि पाहिला. तें पाडल्यावर तेथें बी. बी. सी. च्या इमारती उठल्या. पण २००४ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉनमध्येंहि धांवणाऱ्याला तेवढेंच अंतर कापावें लागतें. अखेरच्या टप्प्यांत त्याचे पाय जड होतात, तेव्हां नाहींशा झालेल्या त्या मैदानाचे ३८५ यार्ड तोहि धांवतच असतो.