व्हॅली: सगळे सोडून जातात ती कॉन्फरन्स

मागच्या काही भागांत आपण मोठ्या संघांच्या गोष्टी ऐकल्या. आज जरा मधल्या फळीकडे वळू. ना एकदम वर, ना एकदम खाली.

मार्च २०२५. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू आहे. पहिल्याच फेरीत ड्रेक नावाचं छोटं विद्यापीठ मिसूरीसारख्या धनाढ्य विद्यापीठाला ६७-५७ असं हरवतं. बातमी झाली ती 'छोट्यानं मोठ्याला पाडलं' अशी. पण खरी गंमत वेगळीच होती. ड्रेक ज्या मिसूरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळायचं, ती १९०७ मध्ये स्थापन करणाऱ्यांत हेच मिसूरी होतं! मग ते बाहेर कधी पडलं, का पडलं? आजची गोष्ट तीच.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते पटकन सांगतो. दहा-बारा विद्यापीठांचा एक गट. ती वर्षभर आपापसात खेळतात, शेवटी त्यांच्यातला एक विजेता ठरतो आणि तो थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. स्पर्धेत ६८ संघ असतात. त्यातले तीसेक असे थेट आलेले विजेते, बाकीचे एक निवड समिती निवडते. मोठ्या कॉन्फरन्सचे सात-आठ संघ आरामात आत जातात. मधल्या फळीतल्या, म्हणजे ज्यांना तिकडे 'मिड-मेजर' म्हणतात, त्यांना बहुतेक वेळा एकच जागा मिळते. दुसरी मिळाली तर दिवाळी.

पण व्हॅली जन्मापासून मधल्या फळीत नव्हती. पहिल्या डिव्हिजनमधली ही देशातली दुसरी सगळ्यात जुनी कॉन्फरन्स. कॅन्सस, नेब्रास्का, मिसूरी अशी दादा विद्यापीठं तिच्यात होती. १९२८ मध्ये सहा मोठ्या सरकारी विद्यापीठांनी आपली वेगळी चूल मांडली. मागे उरली चार: ड्रेक, ग्रिनेल, सेंट लुईसचं वॉशिंग्टन आणि ओक्लाहोमा ए अँड एम. कुणालाही वाटलं असतं, संपलं आता.

आणि मग? उरलेल्यांपैकी ओक्लाहोमा ए अँड एमनं प्रशिक्षक हेन्री आयबा आणि सात फुटी बॉब कर्लंड यांच्या जोरावर १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असं करणारा तो पहिलाच संघ.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५१ मध्ये याच ए अँड एमच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात ड्रेकचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्यानं ठोसा मारला. चेंडू तेव्हा त्याच्याकडे नव्हताच. ब्राइटचा जबडा मोडला. एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी ते सगळं टिपलं आणि त्या फोटोंना पुढे पुलित्झर मिळालं. कॉन्फरन्सनं मात्र कुणावरही कारवाई केली नाही. म्हणून ड्रेकनं व्हॅली सोडली, आणि त्याच्या पाठीशी उभं राहत ब्रॅडलीनंही. व्हॅली सोडणाऱ्यांची यादी लांबलचक आहे, पण तत्त्वासाठी सोडणारे म्हणून माझ्या लक्षात हे दोघेच राहतात. काही वर्षांनी दोघं परतही आले.

१९५७ मध्ये ए अँड एम गेलं. त्याच वर्षी सिनसिनाटी आलं, ऑस्कर रॉबर्टसनला घेऊन. रॉबर्टसन लागोपाठ तीन वर्षं देशात सर्वाधिक सरासरीनं गुण करत राहिला, पण विजेतेपद काही त्याच्या हाती लागलं नाही. तो गेल्यावर १९६१ आणि १९६२ ला सिनसिनाटी जिंकलं! १९६३ च्या अंतिम सामन्यात ते जादा वेळेत ६०-५८ असं हरलं, लॉयोला शिकागोकडून. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पुढचा क्रम आता तुम्हीच ओळखाल. सिनसिनाटी १९७० ला गेलं. मेम्फिस स्टेट १९७३ ला अंतिम फेरीत पोचलं आणि त्याच वर्षी गेलं. लुईव्हिल १९७५ ला गेलं. आता तरी दुकान बंद? छे. १९७९ मध्ये टेरे हॉट नावाच्या छोट्या शहरातलं इंडियाना स्टेट ३३-० अशा कामगिरीवर अंतिम सामन्यात उतरलं, लॅरी बर्डसह. समोर मॅजिक जॉन्सनचं मिशिगन स्टेट. इंडियाना स्टेट ७५-६४ असं हरलं, पण टीव्हीवर त्या सामन्याला मिळालेलं रेटिंग आजवर कॉलेज बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याला मिळालेलं नाही.

आता थोडं हिशेबाकडे. कारण कॉन्फरन्सची पत नुसत्या भावनेवर ठरत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या सामन्यामागे कॉन्फरन्सला एक हिस्सा मिळतो. अंतिम सामना तेवढा यात धरत नाहीत. एका हिश्शाची किंमत सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. हे पैसे सगळ्या सदस्यांत वाटले जातात. म्हणजे एक संघ तीन-चार सामने खेळला, तर घरी बसलेल्या नऊ जणांचीही सोय होते. म्हणून त्या दुसऱ्या जागेसाठी एवढा जीव टाकतात.

आणि ती जागा मिळणं अवघड का? मोठे संघ छोट्यांच्या मैदानावर खेळायलाच येत नाहीत. न खेळता हरवणार कसं? आणि मोठ्यांना हरवलं नाही, तर समिती म्हणते, तुमचे विजय भारी नाहीत. २००६ मध्ये व्हॅलीला चक्क चार जागा मिळाल्या, तेव्हा सीबीएसवर बिली पॅकर आणि जिम नँट्झ यांनी थेट प्रक्षेपणात नाराजी दाखवली. आठवड्याभरात ब्रॅडलीनं कॅन्सस आणि पिट्सबर्गला हरवलं, विचिटा स्टेटनं टेनेसीला. दोघंही शेवटच्या सोळांत! तरीही त्याच वर्षी मिसूरी स्टेट तेव्हाच्या अधिकृत मानांकनात २१ वं असून बाहेर राहिलं होतं.

यानंतरचं दशक व्हॅलीचं सोनेरी दशक म्हणायला हरकत नाही. २०१० ला नॉर्दर्न आयोवानं अव्वल मानांकित कॅन्ससला ६९-६७ असं घरी पाठवलं. २०१३ ला विचिटा स्टेट उपांत्य फेरीत. २०१४ ला तेच ३५-० पर्यंत गेलं आणि केंटकीकडून दोन गुणांनी हरलं. २०१३ ला क्रायटन गेलं, त्याच्या जागी लॉयोला आलं, आणि २०१८ ला ९८ वर्षांच्या सिस्टर जीनच्या आशीर्वादानं लॉयोलाही उपांत्य फेरीत पोचलं. आणि मग, अर्थातच, विचिटा २०१७ ला गेलेलं होतंच, लॉयोला २०२२ ला गेलं.

मग व्हॅलीचा दर्जा घसरला का? आकडे मांडले तर हो, घसरला. पण मला वाटतं, शंभर वर्षं व्हॅलीची ताकद एकाच गोष्टीत होती: जो गेला त्याच्या जागी नवा उभा राहायचा, कारण त्याला उभं राहायला वेळ मिळायचा. संघ घडायला पाच-सात वर्षं लागायची, सोडून जायला अजून पाच.

तो वेळच आता उरलेला नाही. २०२१ पासून खेळाडूला एकही हंगाम न गमावता विद्यापीठ बदलता येतं आणि स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२५ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. खेळाडूंच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे. त्यांच्या घामावर इतकी वर्षं इतरांनीच कमावलं. पण किंमत कोण मोजतंय, तेही बघा. २०२४ ला इंडियाना स्टेटनं व्हॅलीची लीग जिंकली, मानांकनात पहिल्या तिसात आलं, तरी समितीनं बाहेर ठेवलं. दुय्यम स्पर्धेत, म्हणजे एनआयटीत, ते अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि दोन गुणांनी हरलं. काही दिवसांत प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले, मागोमाग चष्मेवाला सेंटर रॉबी अविलाही. आणि सुरुवातीचं ते ड्रेक? प्रशिक्षक बेन मॅकॉलम मिसूरीला हरवल्यावर काही दिवसांतच आयोवाला गेले, आणि संघाचा कणा असलेला बेनेट स्टर्ट्झ त्यांच्यासोबत.

पूर्वी विद्यापीठ निघून जायचं, तरी बाकीच्यांच्या हाती काहीतरी उरायचं. आता विद्यापीठ जागेवरच राहतं आणि संघ निघून जातो, तोही दर वसंतात. टेरे हॉटमध्ये पुन्हा एखादा लॅरी बर्ड आला, तर तो चौथ्या वर्षापर्यंत तिथे थांबेल का? मला तरी शंका आहे. पण १९२८ ला चौघंच उरले होते, तेव्हाही लोकांना शंकाच होती.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!