मांजर लिटर बॉक्स सोडून गादीवर शू का करतं? कारणं आणि उपाय

सकाळी उठून पाहावं तर गादीच्या कोपऱ्यात ओला डाग. परवा सोफ्यावर, काल धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर आणि आज थेट गादीवर. लिटर बॉक्स मात्र कोरडा. मग घरात एकमत होतं, "मुद्दाम करतंय. आपण दोन दिवस गावाला गेलो ना, त्याचा राग काढतंय."

पण मांजर सूड म्हणून शू करत नाही. बॉक्स सोडून दुसरीकडे जाण्यामागे साधारण तीन कारणं असतात. त्याला काहीतरी दुखतंय, बॉक्स आवडत नाहीये किंवा घरात कशाची तरी धास्ती वाटतेय. तुमच्या मांजराचं कारण कोणतं हे कसं शोधायचं आणि मग काय करायचं, तेच पाहूया.

बोका सारखा बसतोय, पण शू होत नाहीये? आधी हे वाचा

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि अरुंद असतो. त्यात बारीक खडा किंवा स्फटिक आणि चिकट स्रावाचा बोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. उपचार मिळाले नाहीत, तर एक-दोन दिवसांत बोक्याचा जीव जाऊ शकतो. नसबंदी केलेल्या बोक्यांनाही हा धोका असतोच.

लक्षणं अशी: पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन जोर करणं, थेंब-दोन थेंबच येणं किंवा काहीच न येणं, कळवळून ओरडणं, लघवीची जागा सतत चाटणं, खाणं सोडणं, उलट्या होणं. बऱ्याचदा घरच्यांना वाटतं की बद्धकोष्ठ झालंय. इथे "उद्या बघू" चालत नाही. रात्र असली तरी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि बोक्याला घेऊन निघा.

आणखी एक. दुखतंय म्हणून माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरासाठी जीवघेणी ठरू शकते.

शू करतंय की हद्द आखतंय?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मांजर खाली बसून गादीवर, पायपुसण्यावर किंवा जमिनीवर भरपूर लघवी करत असेल, तर ती नेहमीची शू आहे, फक्त जागा चुकली आहे.

पण ते उभं राहून, शेपटी वर करून, शेपटीचं टोक थरथरवत भिंतीवर, पडद्यावर किंवा दारावर थोडीशी पिचकारी मारत असेल, तर ती हद्दीची खूण आहे. नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये हे जास्त दिसतं, पण मांजरीही असं करतात. यावर पहिला उपाय म्हणजे नसबंदी. त्यानंतर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा खूप कमी होते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय तपासतात?

सवय अचानक बदलली असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. गरजेप्रमाणे डॉक्टर सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी सांगतात.

तरुण मांजरांमध्ये अनेकदा मूत्राशयाला सूज असते, पण जंतू सापडत नाहीत. या आजाराचा ताणाशी जवळचा संबंध आहे. म्हणून तपासणी न करता दरवेळी अँटिबायोटिक देऊन प्रश्न सुटत नाही. दहा वर्षांपुढच्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड किंवा संधिवात असू शकतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला उंच पायरी चढणं जड जातं, तसंच म्हाताऱ्या मांजराला उंच काठाच्या बॉक्समध्ये शिरणं जड जातं.

कधी आजार बरा होतो, तरी मांजर बॉक्सकडे फिरकत नाही. कारण बॉक्समध्ये गेलं की दुखतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अशा वेळी नवा बॉक्स नव्या जागी ठेवून पाहा.

बॉक्समध्ये नेमकं काय चुकतं?

संख्या: जितकी मांजरं, त्यापेक्षा एक बॉक्स जास्त. दोन मांजरं असतील तर तीन. एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवलेले बॉक्स मांजराच्या लेखी एकच असतात. वन बीएचकेमध्ये तीन बॉक्स मावत नसतील, तर निदान दोन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

आकार: नाकापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत मांजराची जेवढी लांबी, तिच्या किमान दीडपट. मोठ्या मांजरासाठी हे दोन-सव्वादोन फूट होतं. दुकानातले बरेच ट्रे याहून लहान असतात. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू खालपर्यंत कापली की स्वस्तात काम होतं.

लिटर: बऱ्याच मांजरांना वाळूसारखं बारीक, ओलं झाल्यावर गोळा होणारं आणि बिनवासाचं लिटर आवडतं. लव्हेंडरचा सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराला तो नकोसा होऊ शकतो. थर सुमारे दीड इंचाचा ठेवा. ब्रँड बदलायचा असेल तर एकदम न बदलता जुन्यात थोडं थोडं नवं मिसळा.

स्वच्छता: शी आणि ओले गोळे रोज किमान एकदा काढा. बॉक्स ठरावीक दिवसांनी साध्या साबणाने धुवा.

जागा: वॉशिंग मशिनच्या शेजारी, जेवणाच्या वाटीजवळ किंवा सतत वर्दळ असलेल्या ठिकाणी नको. बॉक्स बाथरूममध्ये असेल, तर एक गोष्ट आठवून पाहा. दिवसातून किती वेळा कुणीतरी ते दार बंद करून जातं?

नेमकी आवड कळत नसेल, तर दोन ट्रेमध्ये दोन प्रकारचं लिटर भरून जवळजवळ ठेवा. जास्त कोणतं वापरलं जातं, ते पाहा.

ताणाचा इतका परिणाम होतो?

हो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाचा आजार असलेल्या २० आणि निरोगी अशा १२ मांजरांचं निरीक्षण केलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की रोजच्या वेळा किंवा सांभाळणारी माणसं बदलली की निरोगी मांजरंही कमी खायची, उलट्या करायची आणि बॉक्सबाहेर शी-शू करायची.

आता आपल्या घरांचा विचार करा. दिवाळीचे फटाके, गणपतीतले पाहुणे, रंगकाम, नवं बाळ, नवं मांजर, खिडकीबाहेर येऊन बसणारा गल्लीतला बोका. गावाहून परतल्यावर गादीवर दिसलेला डाग हा राग नसतो, ती विस्कटलेल्या दिनक्रमाची धास्ती असते.

उपाय साधे आहेत. जेवणाच्या वेळा शक्यतो बदलू नका. लपायला पुठ्ठ्याचा खोका आणि चढून बसायला उंच जागा द्या. जास्त मांजरं असतील तर जेवणाच्या वाट्या वेगळ्या आणि लांब ठेवा. रोज दहा-पंधरा मिनिटं खेळा. बाहेरचा बोका दिसत असेल, तर खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावा.

डाग कसा काढायचा?

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते विघटित झालं की गंधकाची संयुगं तयार होऊन उग्र वास येतो. आपल्याला वास गेल्यासारखा वाटला, तरी मांजराला तो येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

म्हणून आधी कागदाने लघवी टिपून घ्या आणि गार पाण्याने पुसा. मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइम क्लीनर ओतून बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्या. गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाला.

काळं फिनाइल टाळा. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं. लघवीवर ब्लीच टाकलं तर विषारी वायू तयार होऊ शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो.

हे अजिबात करू नका

मारणं, ओरडणं, नाक डागावर घासणं. यातून मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली जातं आणि त्याचा ताण आणखी वाढतो.

आणि कंटाळून त्याला बाजारात किंवा दुसऱ्या सोसायटीत सोडून येऊ नका. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर अन्न शोधता येईलच असं नाही. पाळलेल्या प्राण्याला योग्य कारणाशिवाय उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

त्याऐवजी दोन आठवडे मोबाईलमध्ये नोंद ठेवा: कुठे शू केली, किती वाजता, किती प्रमाणात आणि त्या दिवशी घरात वेगळं काय झालं. जमल्यास व्हिडिओ काढा. डॉक्टरांना ही नोंद दाखवली, तर "आमचं मांजर कुठेही शू करतं" या एका वाक्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळतं.