अभिजाततेचा भाव : जुन्या अमेरिकी मोटारींची किंमत आणि इतिहासाची साक्ष

वस्तूची किंमत हा अर्थशास्त्राचा प्रांत. साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासकाने तिकडे फारसे फिरकू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. जुनी पोथी किंवा ताम्रपट समोर आला की 'हे अमोल आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र 'अमोल' म्हणून भागत नाही. विमा उतरवताना, वारसांत वाटणी करताना, संग्रहालयाला दान देऊन करात सवलत मागताना कागदावर आकडा लिहावाच लागतो. हा आकडा कसा ठरतो ते पाहू लागलो, की आपल्याच ओळखीचे प्रश्न समोर उभे राहतात. मूळ पाठ कोणता? प्रक्षिप्त भाग कोणता? ही प्रत कोणाकोणाच्या हातांतून आली? कोणती साक्ष ग्राह्य धरायची? जुन्या मोटारीची किंमत ठरवणे हे बऱ्याच अंशी पाठचिकित्सेचेच काम आहे, असे आम्हांला वाटते. ह्या लेखात त्याचा थोडा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रारंभी 'ड्यूसेनबर्ग जे' ह्या मोटारीचे उदाहरण घेऊ. १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही मोटार प्रथम लोकांपुढे आली. कारखाना फक्त सांगाडा आणि इंजिन देत असे, आणि तेवढ्याचीच किंमत साडेआठ हजार डॉलर होती. वरची 'बॉडी' ग्राहकाने एखाद्या नामांकित कारागीर-पेढीकडून स्वतंत्रपणे बांधून घ्यावयाची. त्याच सुमारास फोर्डची 'मॉडेल ए' पाचशे डॉलरांच्या आसपास मिळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. जेमतेम पावणेपाचशे-ऐंशी गाड्या बनवून १९३७ साली कंपनी बंद पडली. त्यानंतरच्या दशकात ह्याच गाड्या काही शे डॉलरांत हात बदलत होत्या, कारण पेट्रोल पिणारे ते अवजड धूड सांभाळायचे कोणी? आणि ऑगस्ट २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील लिलावात, १९३५ ची एक 'ड्यूसेनबर्ग एसएसजे' दोन कोटी वीस लाख डॉलरांना विकली गेली. लिलावात अमेरिकी मोटारीला मिळालेली ती तोवरची सर्वोच्च किंमत होती.

पोलाद तेच आणि इंजिनही तेच. मग ह्या सुमारे ऐंशी वर्षांत बदलले काय? बदलली ती त्या वस्तूभोवतीची कथा, आणि ती कथा खरी असल्याची खात्री देणारी यंत्रणा.

ह्या यंत्रणेचा उगम मात्र नेमका उलट्या गरजेतून झाला. १९२०च्या दशकात जनरल मोटर्सने दरवर्षी नवे रूप बाजारात आणण्याचे धोरण रूढ केले. कालची गाडी आज जुनी वाटली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. साहजिकच वापरलेल्या गाड्यांचे ढीग साचू लागले आणि त्यांचा भाव काय, हा प्रश्न रोजचा झाला. १९२६ साली लॉस एंजलिसमधील लेस केली ह्या विक्रेत्याने आपल्याला कोणत्या गाड्या हव्या आहेत आणि त्यांसाठी आपण किती मोजू, ह्याची एक यादी छापली. तीच पुढे 'केली ब्लू बुक' म्हणून घरोघरी पोचली. ह्या यादीमागचे गृहीतक सरळ होते. वय वाढेल तसा भाव उतरेल. वय हा दोष आहे.

हे गृहीतक उलटवले ते हौशी मंडळींनी. १९३५ साली जुन्या मोटारींच्या चाहत्यांचा 'अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका' स्थापन झाला आणि १९५२ साली 'क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका'. ह्या दुसऱ्या मंडळाने केलेले काम आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्याने 'क्लासिक' ह्या शब्दाची व्याख्या केली. कोणतीही जुनी गाडी क्लासिक नव्हे. उत्तम दर्जाची, वेगळेपण असलेली, विशिष्ट कालखंडातील (आजच्या नियमांनुसार १९१५ ते १९४८) आणि मंडळाच्या यादीत नाव असलेली गाडीच तेवढी क्लासिक. म्हणजे अभिजाततेसाठी निकष ठरले, यादी तयार झाली, आणि यादीत शिरण्यासाठी अर्ज होऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळेपर्यंतचा निकष, पुरावे आणि अहवाल यांचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्यात नवल वाटू नये. अभिजातता वस्तूत असते हे खरे, पण ती घोषित करणारे कोणीतरी लागते, हेही तितकेच खरे.

अर्थात बाजाराने ही कडक व्याख्या मानली नाही. एप्रिल १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग दोन वर्षांच्या आत दहा लाखांवर खपली. ती दुर्मीळ नव्हे, की राजेरजवाड्यांचीही नव्हे. तरी आज तिला क्लासिक म्हटले जाते, आणि अनेक राज्यांच्या वाहन-कायद्यांत तर पंचवीस वर्षांचे वय हाच निकष पुरतो. तारुण्यात जी गाडी परवडली नाही ती उतारवयात घ्यावी, ही इच्छा पिढीगणिक निराळ्या गाड्यांवर जडते आणि भाव तिच्यामागून सरकतो.

आता प्रत्यक्ष मूल्यनिर्धारणाकडे येऊ. अमेरिकी करखात्याने 'रास्त बाजारभावा'ची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की विकायला राजी असलेला आणि घ्यायला राजी असलेला, कोणतीही सक्ती नसलेला आणि वस्तुस्थितीची पुरेशी जाण असलेला, असे दोघे ज्या आकड्यावर एकमत होतील तो भाव. हे दोघे कोठेही राहत नाहीत. ती दोन काल्पनिक पात्रे आहेत. मूल्यनिर्धारक ह्या दोघांतला संवाद पुराव्यांच्या आधारे रचतो. तो रचताना त्याने स्वतःच्या लाभासाठी पात्रांना बोलते करू नये, म्हणून १९८७ साली तयार झालेल्या व्यावसायिक संहितेत एक महत्त्वाचा निर्बंध आहे. त्याचे मानधन ठरवलेल्या किंमतीच्या टक्केवारीवर बेतलेले असता कामा नये.

पुरावे तीन प्रकारचे. पहिला पुरावा स्थितीचा. प्रचलित दरपत्रकांत गाडीला एक ते चार असा क्रमांक देतात. एक म्हणजे प्रदर्शनात स्पर्धेला ठेवण्याजोगी, दोन म्हणजे उत्कृष्ट, तीन म्हणजे रस्त्यावर हौसेने चालवता येईल अशी चांगली, आणि चार म्हणजे चालणारी पण दोष उघड दिसणारी. मालकाला आपली गाडी नेहमी एका पायरीने वरची वाटते. मूल्यनिर्धारक मात्र गाडी उचलून खालचा पत्रा पाहतो, दाराच्या फटी सारख्या आहेत का ते पाहतो, रंगाखाली लांबी भरली आहे का हे लोहचुंबकाने तपासतो.

दुसरा पुरावा तुलनेचा. तशाच गाडीला अलीकडे प्रत्यक्ष किती मिळाले? येथे मागितलेली किंमत, लागलेली बोली आणि मिळालेली किंमत ह्यांत काटेकोर फरक करावा लागतो. हातोडा पडला तेव्हाचा आकडा आणि लिलावगृहाचे शुल्क मिळवल्यावरचा आकडा हेही निराळे. २०२१ साली १९७१ च्या एका प्लिमथ 'हेमी कुडा' उघड्या गाडीवर अठ्ठेचाळीस लाख डॉलरांची बोली लागूनही ती विकली गेली नाही. तो आकडा बातमीत झळकला; पण व्यवहारच न झाल्याने तिला तुलनेसाठी 'किंमत' म्हणता येत नाही.

तिसरा पुरावा अस्सलपणाचा, आणि येथे मोटारीचा अभ्यास थेट पोथ्यांच्या अभ्यासाला येऊन मिळतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा ह्यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात काय, हा ह्या बाजारातला पहिला प्रश्न. १९८१ पासून अमेरिकेत सतरा अंक-अक्षरांचा एकसारखा ओळख-क्रमांक आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी. क्राइसलरच्या १९७० आणि १९७१ च्या गाड्यांत पाचवे अक्षर इंजिन सांगते; तेथे 'आर' असेल तर ते 'हेमी' इंजिन. उलट शेव्हरोलेच्या १९७१ पर्यंतच्या क्रमांकांवरून इंजिन सहा सिलिंडरांचे की आठ, एवढेच कळते. आठांपैकी नेमके कोणते, हे कळत नाही. मग पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. कारखान्यात जुळणीच्या वेळी सोबत फिरणारा कागद कधीकधी आसनांच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो. पोथीच्या शेवटची पुष्पिका लेखनिकाचे नाव, शक आणि स्थळ सांगते. हा कळकट कागद नेमके तेच करतो.

जेथे पुराव्याला पैसा मिळतो तेथे खोटा पुरावाही तयार होतो. साध्या गाडीत मोठे इंजिन बसवून, चिन्हे लावून ती 'सुपर स्पोर्ट' म्हणून विकणे, इंजिनवरचे आकडे घासून नवे ठोकणे, हे प्रकार ह्या बाजाराइतकेच जुने आहेत. ओळख-क्रमांकात फेरफार करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. तरी बनावट पुष्पिका लिहिणारे हात थांबलेले नाहीत. उघडपणे 'ही प्रतिकृती आहे' असे सांगून विकली जाणारी गाडी मात्र सन्मान्य समजली जाते, आणि तिचा भावही त्या सांगण्याप्रमाणे कमी असतो.

ह्याच्या पुढची पायरी अधिक उद्बोधक आहे. पूर्वी जुनी गाडी नव्याहून चकचकीत करण्यात भूषण वाटे. आता न बदललेल्या, मूळ रंगाच्या, विटलेल्या गाडीला काही वेळा अधिक मोल येते. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग अनेक दशके एकाच कुटुंबाकडे राहिली. ती परत मिळावी म्हणून १९७७ साली मॅक्वीनने पत्र लिहिले होते. मालकाने ती दिली नाही, आणि ते पत्रच पुढे गाडीच्या वंशावळीतला महत्त्वाचा दस्तऐवज ठरले. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे ती लिलावात आली तेव्हा तिचा रंग विटलेला होता आणि पत्र्यावर गंज होता. हातोडा चौतीस लाख डॉलरांवर पडला. शुल्कासह सदतीस लाख चाळीस हजार. ती रंगवून चकचकीत केली असती तर साक्षच पुसली गेली असती. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा सोप्या, गुळगुळीत पाठापेक्षा अवघड पाठ बहुधा जुना, हे तत्त्व संपादकांनी वापरले होते. मोटारीच्या बाजारानेही आपल्या परीने तोच धडा गिरवला आहे.

वंशावळीचा आणखी एक दाखला आपल्या जवळचा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात एक 'ड्यूसेनबर्ग एसजे' घेतली. तिचा सांगाडा अमेरिकेत घडला आणि दोन आसनी देह लंडनच्या गर्नी नटिंग ह्या पेढीने बांधला. ती पुढे अमेरिकेला परतली. आज तिच्या वर्णनात होळकरांचे नाव आल्यावाचून राहत नाही, कारण ते नाव तिच्या मोलाचा एक घटक आहे. पेबल बीचला विकल्या गेलेल्या एसएसजेच्या बाबतीतही तेच. तशा दोनच गाड्या बनल्या. एक गॅरी कूपरची, दुसरी क्लार्क गेबलची. विकली गेली ती कूपरची.

येथवर आल्यावर एक अस्वस्थ करणारा प्रश्न उरतो. किंमत इतिहास वाचते, पण कोणाचा? १९७१ च्या हेमी कुडा उघड्या गाड्या अवघ्या अकरा-बारा बनल्या. त्यांतली एक २०१४ साली सिएटलला पस्तीस लाख डॉलरांना गेली. ह्या गाड्या डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकच्या 'डॉज मेन' कारखान्यात तयार झाल्या. १९६८ साली ह्याच कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांनी वंशभेदी वागणुकीविरुद्ध, आणि आपल्याला दाद न देणाऱ्या युनियनविरुद्धही, 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' उभी केली होती. १९८० साली कारखाना बंद झाला, नंतर पाडला गेला. कामगारांनी तपासणीच्या वेळी पत्र्यावर ओढलेल्या खडूच्या खुणा आज जीर्णोद्धार करणारे कारागीर मोठ्या कष्टाने जशाच्या तशा पुन्हा काढतात, कारण त्या नसतील तर परीक्षक गुण कापतात. खूण अस्सल हवी. ती काढणारा हात कोणाचा, हे विचारण्याची गरज दरपत्रकाला पडत नाही.

ह्यात मूल्यनिर्धारकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे काम नेमका आकडा काढण्याचे, आणि तो प्रामाणिकपणे काढणे हीही इतिहासाची सेवाच आहे. खोट्या वंशावळींना आळा बसतो तो अशाच चिकाटीमुळे. परंतु बाजार इतिहासातले तेवढेच प्रकरण राखतो, ज्याला ग्राहक आहे. मॅक्वीनचे पत्र जपले जाते, होळकरांचे नाव जपले जाते. डॉज मेनच्या संपाची पत्रके जपायची तर ते काम ग्रंथालयांचे आणि आपल्यासारख्या अध्यापकांचे. पाठचिकित्सा ही कला बाजाराला उत्तम साधली आहे, हे मान्यच केले पाहिजे. लेखनिकाबद्दलचे कुतूहल मात्र त्याच्यावर सोपवून चालणार नाही.