टोकांच्या तारखा आणि मधली वाट

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईजवळ आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आला, तेव्हा नदीला दुसरा उतार नाही असे वाटाड्यांचे म्हणणे होते. खेळणेच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे मात्र त्याला दिसली. अशा गावांत ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार, हा त्याचा तर्क. सारी फौज त्याने त्यावर सोडली आणि उतार निघाला. (नशिबाचा वाटा त्यात होताच.)

टोके पाहून मधले ओळखण्याचे हे काम जुनी पत्रे वाचणाऱ्यालाही करावे लागते. पेशवेकालीन अनेक पत्रांवर लिहिल्याचा चंद्र असतो आणि पुष्कळदा पैवस्तीचा, म्हणजे पत्र पोचल्याचाही. दोहोंतील अंतर हा संपूर्ण वाटेचा विलंब. जासूद नेमका कोठे अडला, ते त्यातून कळत नाही. आणि एखाद्या सरदाराने कुमकेत चालढकल केली की पत्रच रखडले, याचा निवाडा तर त्यावरच असतो. पैवस्तीची ओळ किरकोळ मानून गाळणारा संपादक हा पुरावाच नाहीसा करतो.

समजा, असईच्या तळावरून एक पत्र पुण्यास आणि दुसरे पुण्यावरूनच मुंबईस निघाले. अशा जोड्या पुष्कळ मिळाल्या आणि दोन्ही पत्रे बरोबरीनेच रखडलेली दिसली, तर अडथळा पुण्याअलीकडच्या सामाईक वाटेवर. एकट्या मुंबईच्या पत्रास उशीर होत असेल, तर पुण्यापलीकडे.

संगणकजाळ्यांचे अभ्यासक हेच करतात. मधली यंत्रे आपला हिशेब परक्याला सांगत नाहीत. म्हणून एका ठिकाणाहून अनेक ठिकाणी संदेश धाडून त्यांचे उशीर कितपत एकत्र वाढतात-घटतात, यावरून आतल्या दुव्यांचा विलंब अजमावतात. याच्याच जुळ्या प्रश्नाला येहुदा वार्डी यांनी १९९६ साली ‘नेटवर्क टोमोग्राफी’ असे नाव दिले. शरीर न कापता आत पाहणाऱ्या सीटी स्कॅनशी त्याचे नाते उघड आहे.

मर्यादाही सारख्याच. नगरास उतरणारे एकही पत्र नसेल, तर असई-नगर आणि नगर-पुणे हे टप्पे कितीही पत्रे जमवली तरी वेगळे काढता येत नाहीत. दुसरी अडचण खुद्द चंद्राची. पाठवणाऱ्याच्या गावी चंद्रदर्शन एक दिवस उशिरा झाले, तर त्याची तारीख सरकते; हा फरक दोन्ही पत्रांत सारखाच शिरून सामाईक वाटेच्या माथी बसतो. न जुळणाऱ्या घड्याळांमुळे संगणकांतही तेच घडते. मात्र फरक महिनाभर तोच राहिला, तर त्या महिन्यातले चढउतार खरे उरतात. वाटेला एकूण किती दिवस लागले हे सांगता आले नाही, तरी कोणत्या आठवड्यात ती अडली हे सांगता येते.